श्रम, शाळा आणि स्वप्न : खानदेशातील काही उत्कर्षकथनांचा विचार

१

‘अमेरिकन ड्रीम’ ही संज्ञा जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने १९३१ मध्ये ‘द एपिक ऑफ अमेरिका’ या ग्रंथातून रूढ केली. ऐन महामंदीत ती रूढ व्हावी ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. माणूस कोठेही जन्मलेला असो, कष्ट आणि गुण यांच्या बळावर तो वर येऊ शकतो, ही श्रद्धा अमेरिकेत जुनीच होती. कष्टकऱ्याला काम मिळेनासे झाले त्याच वर्षांत तिला नाव मिळाले. अमेरिकी साहित्याने या श्रद्धेची तपासणी त्याआधीच सुरू केली होती. फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १९२५ ची, तर आर्थर मिलरचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ हे नाटक १९४९ चे. अर्थशास्त्राने या तपासणीला आकडे पुरविले ते फार उशिरा. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, १९४० मध्ये जन्मलेल्या अमेरिकी मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले आईवडिलांहून अधिक मिळवती झाली; १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले.

या संज्ञेत दोन वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत. माणूस वर येऊ शकतो, हा पहिला. तो आपल्या श्रमाने वर येतो, हा दुसरा. चर्चा बहुधा पहिल्या दाव्याची होते आणि दुसरा गृहीत धरला जातो. साहित्यविचाराच्या दृष्टीने मात्र दुसराच अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो केवळ समाजस्थितीविषयीचा दावा नसून कथनाविषयीचाही दावा आहे. कष्ट आणि उत्कर्ष यांत कार्यकारणसंबंध आहे असे म्हणणे म्हणजे एका विशिष्ट आकाराची गोष्ट सांगणे होय. ती गोष्ट कोण सांगतो, कोणत्या पुरुषात सांगतो आणि सांगताना कोठे उभा असतो, या प्रश्नांची उत्तरे तिच्या खरेखोटेपणाशी निगडित असतात.

गॅट्सबीची गोष्ट गॅट्सबी सांगत नाही. निक कॅरवे सांगतो. विली लोमनची गोष्ट तर रंगमंचावर आपल्यासमोर घडते, ती सांगायला तो उरतच नाही. भंगलेले स्वप्न या कृतींत स्वतःच्या तोंडाने बोलत नाही. याउलट, मराठीत ज्या लेखनाला ‘उत्कर्षकथन’ म्हणता येईल ते बहुतेक प्रथमपुरुषी आहे. वर पोहोचलेला माणूस मागे वळून पायऱ्या मोजतो. जळगाव-धुळ्याच्या परिसराशी नाते असलेल्या काही ग्रंथांच्या आधारे या प्रथमपुरुषाची तपासणी करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

खानदेशाचा अमेरिकेशी पहिला व्यवहार स्वप्नाचा नव्हता, कापसाचा होता. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. कुणब्याच्या हातात एकाएकी रोकड खेळू लागली. युद्ध संपले, १८६५ मध्ये मुंबईचा सट्टाबाजार कोसळला, भाव उतरले. आणि तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जे मात्र शिल्लक राहिली. या तेजीतील उपरोध लक्षात घेण्याजोगा आहे. गुलामांच्या हातांनी वेचलेला कापूस जोवर बाजारात येत नव्हता, तोवरच खानदेशच्या शेतकऱ्याची चंगळ होती. त्याची भरभराट आणि त्याची वाताहत या दोहोंचा त्याच्या कष्टाशी संबंध नव्हता. तेजीच्या आधी, तेजीत आणि तेजीनंतर तो सारखाच राबत होता.

श्रम आणि फळ यांची ही फारकत पुढे गिरण्यांच्या इतिहासातही दिसते. जळगावला कापडगिरणी निघाली ती १८७० च्या दशकात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला आणि पुढे धुळ्याला प्रताप शेठजींच्या गिरण्या उभ्या राहिल्या. गावकुसातले, शेतीतून सुटलेले हजारो हात या गिरण्यांनी सामावून घेतले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एकामागून एक बंद पडत गेल्या. जळगावच्या गिरणीच्या जागेवर पुढे व्यापारी संकुल उभे राहिले.

त्याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन केली. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनामुळे स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून अझीम प्रेमजी परतले आणि त्या कंपनीची पुढे ‘विप्रो’ झाली. कंपनीचे समभाग अमळनेरच्या काही कुटुंबांनी घेतले होते. त्यांपैकी ज्यांनी ते विकले नाहीत, ती कुटुंबे बोनस समभागांच्या गुणाकाराने कोट्यधीश झाली. खानदेशात ही हकिकत आता लोककथेसारखी सांगितली जाते आणि सांगणारा शेवटी ‘नशीब’ हाच शब्द वापरतो. त्याची निवड अचूक आहे. एकाच गावात, एकाच अर्धशतकात साचा चालविणाऱ्याची पाळी संपली आणि पेटीत कागद ठेवून विसरलेल्याचे घर वर गेले. गावातल्या गावात घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की स्वप्नातील दुसरा दावा, म्हणजे कष्टानेच माणूस वर येतो हा दावा, टिकत नाही.

३

अशा भूमीत लिहिल्या गेलेल्या कादंबरीने उत्कर्षाकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविक आहे. खानदेशातील सांगवी या गावी जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही या संशयाची मराठीतील सर्वांत प्रभावी अभिव्यक्ती होय. पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला जातो, वडिलांचा पैसा उधळतो, परीक्षेत अपयशी ठरतो, बहिणीचा मृत्यू पचवू शकत नाही आणि शेवटी गावी परततो. खेड्यातून शहराकडे, अज्ञानाकडून पदवीकडे, शेतीकडून नोकरीकडे हा जो प्रवास आधुनिक मराठी समाजाने प्रगतीचा नकाशा म्हणून स्वीकारला होता, तो ही कादंबरी उलटा करून दाखविते. ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील पदवी मिळवतो, प्राध्यापकही होतो. पण गावोगावच्या कॉलेजांतील त्याच्या नोकऱ्या म्हणजे एका बिढारातून दुसऱ्या बिढारात केलेले स्थलांतर ठरते.

‘कोसला’ची चर्चा अस्तित्ववाद, भाषिक बंड आणि देशीयता या तीन अंगांनी पुष्कळ झाली आहे. एक साधी, भौतिक गोष्ट मात्र त्या चर्चेत मागे पडते. पांडुरंगाला परतायला घर आहे. त्याचे वडील गावातील संपन्न आणि वजनदार शेतकरी आहेत. अपयशाचे वर्णन प्रथमपुरुषात, विनोदाने आणि तटस्थपणे करता येण्यासाठी ते अपयश प्राणघातक नसावे लागते. पांडुरंगाच्या पायाखाली जमीन आहे, म्हणूनच त्याला शिडी लाथाडता येते. ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) मध्येही खंडेराव वडिलांच्या अखेरच्या वेळी मोरगावला परततो तो वारस म्हणून, वारसा स्वीकारावा की नाकारावा, हा त्याच्यापुढचा पेच आहे. ज्याच्यापुढे वारसाच नाही, त्याला हा पेचही उपलब्ध नाही.

या निरीक्षणाने ‘कोसला’चे मोठेपण उणावत नाही. नकाराची ती कादंबरी कोणत्या वर्गाच्या नकाराची आहे, एवढेच त्यातून स्पष्ट होते. सालदाराच्या मुलाने पुण्यात वर्षे वाया घालविली असती तर त्याची ‘कोसला’ झाली नसती. तो पुढच्या हंगामात कोणाच्या तरी शेतात निंदणीला गेला असता आणि कोणत्याही कादंबरीत निवेदक म्हणून आला नसता.

४

ज्यांच्या पायाखाली जमीन नव्हती, त्यांच्या प्रथमपुरुषी कथनाला मराठीत दलित आत्मकथनांनी वाट करून दिली. ‘आत्मचरित्र’ आणि ‘आत्मकथन’ या शब्दांत समीक्षेने जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. आत्मचरित्र कर्तृत्वाची परिपूर्ती सांगते. आत्मकथन जखमेची साक्ष देते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) शिक्षण आणि नोकरी मिळाल्यावरही मिटत नाही अशा दुभंगाची साक्ष देते. तेथे पायऱ्या आहेत, पण माथा नाही.

खानदेशच्या सीमेला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील ओझर हे मूळ गाव असलेल्या कुटुंबाची कथा सांगणारे नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या परंपरेत वेगळे पडते. मुंबईत कामगार म्हणून राबलेल्या बापाची मुले उच्चपदस्थ होतात. त्यांतील एक अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून अर्थतज्ज्ञ होतो. इंग्रजीत हे पुस्तक अमेरिकी वाचकांपर्यंत पोहोचले यात आश्चर्य नाही. त्याचा आकार त्या वाचकाच्या ओळखीचा होता. परंतु मराठी पुस्तकाच्या शीर्षकातच त्या आकाराला छेद देणारी एक गोष्ट आहे. त्यात ‘मी’ नाही. आधी बाप आहे, मग ‘आम्ही’ आहोत, आणि दोहोंना जोडणारे ‘आन्’ हे अव्यय बोलीतले आहे. बापाने निवृत्तीनंतर, मुलाच्या आग्रहावरून, लिहून काढलेल्या आठवणींचा आधार पुस्तकाला आहे. कामगाराचा आवाज येथे ग्रंथात शिरतो. तो शिरतो याचे कारण मुलगा वर गेला आहे, हे खरे. पण वर गेलेल्या मुलाने खालचा आवाज पुसून टाकलेला नाही, हेही तितकेच खरे.

एकवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातून आलेले डॉ. राजेंद्र भारूड यांचे ‘मी एक स्वप्न पाहिलं’ प्रसिद्ध झाले. सामोडे या गावच्या भिल्ल कुटुंबात, जन्मापूर्वीच वडील गमावलेल्या या मुलाला आईने मोहाची दारू विकून वाढविले. जिल्हा परिषदेची शाळा, नवोदय विद्यालय, मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर भारतीय प्रशासकीय सेवा, असा हा प्रवास आहे. पुढे ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. ‘स्वप्न’ हा शब्दच शीर्षकात आल्यामुळे या ग्रंथाचे वाचन प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी येते.

येथे दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. पहिली सर्वनामाची. ‘आम्ही’पासून ‘मी’पर्यंतचे अंतर हे दोन लेखकांच्या स्वभावातील अंतर असू शकते आणि दोन पुस्तकांवरून युगाचा निष्कर्ष काढू नये. तरीही १९९१ च्या आर्थिक धोरणानंतरच्या पिढीला ‘मी’ने सुरू होणारे शीर्षक स्वाभाविक वाटते, याची दखल घेतली पाहिजे. चळवळीचे ‘आम्ही’ मागे सरले आणि स्पर्धा परीक्षेचे ‘मी’ पुढे आले. परीक्षेला बैठक क्रमांक असतो आणि तो एकट्याचा असतो.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. या कथनातील श्रम कोणाचे आहेत? राबते ती आई. तिच्या श्रमाला बाजारात भाव आहे, पण कायद्यात जागा नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या दृष्टीने तो श्रम हाच गुन्हा. अमेरिकी स्वप्नाच्या व्याकरणात अशा श्रमासाठी शब्द नाही. तेथे श्रम हा सद्गुण असतो आणि सद्गुणाला फळ येते. साक्रीच्या या घरात श्रमाला गुन्ह्याचे नाव आहे. त्याचे फळ दुसऱ्याला, दुसऱ्या मार्गाने, दुसऱ्या पिढीत मिळते. आणि ते मिळाल्यावर मुलगा त्याच राज्यसंस्थेचा अधिकारी होतो जिने आईचा धंदा निषिद्ध ठरविला होता. शोकात्मिकेला पुरेसे ठरावे असे हे द्रव्य आहे. प्रेरणेच्या चौकटीत वाचले की ते केवळ ‘प्रतिकूल परिस्थिती’ या दोन शब्दांत आटोपते. हा दोष ग्रंथापेक्षा त्याच्या प्रचलित वाचनाचा अधिक आहे.

मुलाला वर नेणाऱ्या पायऱ्याही पाहण्यासारख्या आहेत. मोफत शाळा, निवासी विद्यालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राखीव जागा: यांतील एकही पायरी बाजाराने बांधलेली नाही. स्वबळाची म्हणून वाचली जाणारी ही कथा सार्वजनिक संस्थांची कथा आहे. मुलाची बुद्धी आणि जिद्द तिच्यात निर्विवाद आहेत. पण त्या पायऱ्या मोडल्या तर तीच बुद्धी आणि तीच जिद्द मोहाच्या झाडाखालीच राहतील.

५

राबणारी आई आणि लिहिणारा मुलगा ही जोडी खानदेशच्या साहित्यात नवी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकविणाऱ्या आणि तेथील छात्रालय सांभाळणाऱ्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकाची भूमी कोकणची असली तरी ते लिहिणाऱ्या हातामागे खानदेशातील गरीब विद्यार्थ्यांचा सहवास होता. तेथेही आई झिजते आणि मुलगा शिकतो; मात्र श्याम जे मिळवतो त्याला पद म्हणता येत नाही, संस्कार म्हणावे लागते. उत्कर्षाचे माप तेथे निराळे आहे.

त्याहून निराळे माप बहिणाबाई चौधरी यांचे. १८८० मध्ये असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या या निरक्षर स्त्रीची गाणी सोपानदेव चौधरी यांच्यामुळे कागदावर राहिली आणि तिच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ग्रंथरूपात आली. बहिणाबाईंच्या गाण्यांत जाते, पेरणी, मळणी, चूल ही कामे कशाची तरी पायरी म्हणून येत नाहीत. काम हे तेथे ज्ञानाचे क्षेत्र आहे. विचार करण्याची पद्धतच त्या कामातून घडते. समीक्षेने त्यांना ‘निसर्गकन्या’ ठरवून हा मुद्दा बराच बोथट केला. वस्तुतः लेवा गणबोलीत रचलेल्या या कवितेत श्रमाचे एक स्वायत्त मूल्यभान आहे, आणि वर जाण्याच्या कल्पनेवाचून ते पूर्ण आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. श्रमाच्या या स्वायत्त मूल्याचा आधार घेऊन कष्टकऱ्याने आहे तेथेच समाधानी राहावे असे सुचविणे अनैतिक होईल. बहिणाबाई शेतकरी घरातल्या होत्या. अकाली वैधव्याचे आणि भाऊबंदकीचे दुःख त्यांनी भोगले, तरी काम ज्यावर करायचे ती जमीन त्यांच्या घराची होती. मोहाची दारू गाळणाऱ्या स्त्रीला आपल्या कामाचे गाणे करावेसे वाटेल, असे मानण्यास आधार नाही. देशीयतेच्या चर्चेत ‘मुळाशी असणे’ हे मूल्य म्हणून मांडले जाते. ज्यांना मुळाशी बांधून ठेवण्यात आले त्यांच्या बाबतीत त्या मूल्याचा अर्थ बदलतो, हे त्या चर्चेने पुरेसे ओळखलेले नाही.

६

आतापर्यंत पाहिलेल्या ग्रंथांत तीन वाटा दिसतात. जमीन असलेला वर जाण्यास नकार देतो. जमीन नसलेला शाळेच्या वाटेने वर जातो. आणि स्त्री दोघांच्याही मागे राबत राहते. चौथी वाट या ग्रंथांत नाही, आणि संख्येने पाहता खानदेशात तीच मोठी आहे. ती सुरतेला जाते.

तापीकाठच्या रेल्वेने जळगाव-धुळ्याकडील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरत गाठत आली आहेत. उधना, लिंबायत या भागांत खानदेशी वस्तीच आहे. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. बाजारात अहिराणी ऐकू येते. मागावर, रंगाईत, साड्यांच्या बाजारात राबणारा हा माणूस कोट्यधीश होत नाही आणि जिल्हाधिकारीही होत नाही. तो एक खोली बांधतो, गावाकडे पैसे पाठवतो, बहिणीचे लग्न करतो. मालाला उठाव नसला की गावी परततो, उठाव आला की पुन्हा जातो. अमेरिकेच्या नकाशावर जे पश्चिमेचे स्थान, ते खानदेशच्या मनात सुरतेचे आहे. फरक इतकाच की तेथे गेलेल्याचा परतीचा मार्ग कायम उघडा राहतो, कारण पोहोचणे कधी पुरे होतच नाही.

या माणसाचे जीवन उत्कर्षकथनाच्या आकारात बसत नाही, कारण त्याला माथा नाही. आणि नकाराच्या कादंबरीतही बसत नाही, कारण नकार त्याला परवडत नाही. त्याच्यासाठी प्रथमपुरुष अपुरा पडतो. दोन पावले वर आणि दीड पाऊल खाली, अशा चालीचे कथन बहुधा अनेक आवाजांत, अनेक वर्षांच्या हिशोबांत आणि बोली-प्रमाण भाषांच्या सरमिसळीतच करता येईल. आकृतिबंधाची ही अडचण आहे, आणि म्हणूनच ती समीक्षेचा विषय आहे.

उत्कर्षकथनांचा एक बचाव मात्र येथे मान्य केला पाहिजे. आश्रमशाळेतील किंवा धुळ्या-जळगावच्या अभ्यासिकेतील मुलाच्या हाती ‘मी एक स्वप्न पाहिलं’ पडते तेव्हा तो त्याकडे साहित्यकृती म्हणून पाहत नाही; वाटाड्या म्हणून पाहतो. आपल्यासारखा कोणी तेथवर गेला, हे कळणे हीच त्याची मोठी मिळकत असते. ही ताकद कमी लेखणारी समीक्षा सुस्थितांची समीक्षा ठरेल. पण नागरी सेवा परीक्षेला देशभरातून दरवर्षी सुमारे दहा लाख अर्ज येतात आणि निवड होते ती हजाराच्या आसपास उमेदवारांची. उरलेल्यांचे प्रथमपुरुषी पुस्तक निघत नाही. ज्यांनी तितकेच कष्ट केले आणि ज्यांच्या आयांनी तितकाच घाम गाळला, त्यांना ही पुस्तके नकळत एक गोष्ट सांगतात: चूक तुमचीच होती.

सामान्य श्रमिक स्वप्नापर्यंत पोहोचू शकतो काय, या प्रश्नाला हे ग्रंथ देतात ते उत्तर एकत्र वाचल्यावरच दिसते. त्यांत श्रमिक पोहोचत नाही. पोहोचते त्याचे मूल, आणि तेही श्रमिक राहण्याचे थांबवून. कष्टाने वर येण्याची म्हणून सांगितली जाणारी कथा येथे कष्टांतून बाहेर पडण्याची कथा आहे; तिचा खर्च ज्याने भरला त्याच्या नावे ती लिहिली जात नाही. उत्कर्षकथन वाचताना वर पोहोचलेल्याचा हात धरून खाली, त्या पहिल्या पायरीपर्यंत उतरणे आणि ती कोणाच्या पाठीवर टेकली होती हे पाहणे, हे समीक्षेचे काम आहे. अमळनेरच्या गिरणीत साचा चालविणाऱ्याचे, सुरतेच्या रंगाईत हात बुडविणाऱ्याचे आणि सामोड्यात मोह वेचणारीचे आयुष्य त्यांच्या मुलांच्या यशाची प्रस्तावना म्हणून न येता जेव्हा स्वतःच्या वजनाने ग्रंथात येईल, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर कदाचित बदलणार नाही. पण ते देणारा आवाज बदललेला असेल.